सोसायचं कशाला? स्त्रीचं लैंगिक आरोग्य, वयाच्या प्रत्येक टप्प्यावर

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. गावातल्या स्त्रियांना त्यांच्या आरोग्याबद्दल विचारलं आणि तपासलं. एकूण ६५० जणींची तपासणी झाली. जानेवारी १९८९ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका स्त्रीला सरासरी ३.६ आजार होते. तरीही काही त्रास आहे असं सांगणाऱ्या ५५ टक्केच होत्या, आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया एवढाच अर्थ सरकारी कागदोपत्री होता. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातली कळ, शरीरसंबंधाच्या वेळी होणारी वेदना यांना त्यात जागाच नव्हती. बाईनेही ते आपल्या वाट्याचं म्हणून धरलेलं. "बाईचं असंच असतं" हे आईने सांगितलेलं, सासूने सांगितलेलं, आणि पुष्कळदा डॉक्टरनेही.

१९९४ च्या कैरो परिषदेनंतर प्रजनन आणि लैंगिक आरोग्य हा जगभर अधिकृत धोरणाचा भाग झाला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगते की लैंगिक आरोग्य म्हणजे नुसता आजाराचा अभाव नव्हे. शरीर, भावना, मन आणि समाज या सगळ्या अंगांनी लैंगिकतेबाबत सुस्थितीत असणं, आणि जबरदस्ती, भेदभाव व हिंसा यांपासून मुक्त असा सुरक्षित, सुखद अनुभव घेता येणं, म्हणजे लैंगिक आरोग्य. सुखद हा शब्द त्या व्याख्येत मुद्दाम आहे. आपल्याकडे स्त्रीच्या बाबतीत नेमका तोच वगळला जातो.

हे आरोग्य वयाबरोबर बदलतं. विशीत जे कारण प्रबळ असतं ते पन्नाशीत नसतं. पण जवळपास प्रत्येक टप्प्यावरचं कारण शोधता येतं आणि बहुतेकांवर उपाय आहे. अडतं ते एका जागी: बाई सांगत नाही आणि तिला कोणी विचारत नाही.

इच्छा कशी चालते

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली माणसाच्या लैंगिक प्रतिसादाचं वर्णन एका सरळ रेषेत केलं: उत्तेजना, तिचा टिकाव, परमोच्च सुखाचा क्षण आणि मग शिथिलता. पुढे हेलन सिंगर कॅप्लन यांनी या रेषेच्या सुरुवातीला इच्छा जोडली. आधी इच्छा, मग उत्तेजना, असा क्रम पाठ्यपुस्तकांत रुजला. २००० साली कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी मांडलं की अनेक स्त्रियांबाबत, विशेषतः दीर्घ सहजीवनात, हा क्रम असा चालत नाही. मनात आधीपासून ओढ नसते. जवळीक हवीशी वाटते, स्पर्श सुखाचा होतो, शरीर प्रतिसाद देऊ लागतं आणि त्यातून इच्छा जागी होते. म्हणजे आपणहून इच्छा न होणं हा आजार असेलच असं नाही. "मला कधी मनातून वाटतच नाही, माझ्यात काहीतरी कमी आहे," असं समजून वर्षानुवर्षं अपराधी वाटून घेणाऱ्या बाईला एवढी माहितीसुद्धा मोठा दिलासा देते.

जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन यांनी मांडलेलं दुहेरी नियंत्रणाचं प्रतिमानही उपयोगी आहे. त्यानुसार मेंदूत गती देणारी एक यंत्रणा असते आणि रोखणारी दुसरी, गाडीच्या अॅक्सिलरेटर आणि ब्रेकसारखी. दमणूक, वेदनेची धास्ती, गरोदर राहण्याची भीती, पलीकडच्या खोलीतून ऐकू जाईल ही चिंता, नवऱ्याशी झालेलं भांडण, स्वतःच्या शरीराची लाज, हे सगळे ब्रेक. पुष्कळदा गती वाढवायची औषधं शोधली जातात आणि ब्रेकवरचा पाय तसाच राहतो.

शरीररचनेबाबतचं अज्ञानही इथे नडतं. स्त्रीसुखाचं मुख्य इंद्रिय म्हणजे क्लिटोरिस, मराठीत शिश्निका. बाहेरून ती वाटाण्याएवढी दिसते, पण तिचा बहुतांश भाग आत, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूत्रविकारतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली तिची संपूर्ण रचना तपशीलवार मांडली, तोवर अनेक वैद्यकीय पुस्तकांत तिचं वर्णन अपुरं होतं. बहुसंख्य स्त्रियांना केवळ संभोगाने परमोच्च सुख मिळत नाही, या भागाला स्पर्श लागतो. यात कमीपणा कुणाचाच नाही, शरीराची घडणच तशी आहे.

मग दोष कधी म्हणायचा? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारले गेले. इच्छा, उत्तेजना किंवा परमोच्च सुख यांपैकी कशात तरी अडचण आहे असं सुमारे ४३ टक्के जणींनी सांगितलं. पण अडचण आहे आणि तिचा मनाला त्रासही होतो, असं सांगणाऱ्या १२ टक्के होत्या. निदानाची आजची पद्धत याच फरकावर उभी आहे. लक्षणं साधारण सहा महिने टिकली पाहिजेत आणि स्वतः त्या स्त्रीला त्यांचा त्रास वाटला पाहिजे. नवऱ्याला कमी वाटतं म्हणून बायको आजारी ठरत नाही. वेदना मात्र वेगळी. तिच्यासाठी सहा महिने थांबण्याचं कारण नाही.

वयात येताना

लैंगिक आरोग्याचा पाया लग्नात पडत नाही, तो पाळी सुरू होण्याच्या आसपास पडतो. या वयात इस्ट्रोजेन वाढतं, योनिमार्गाचं अस्तर जाड व लवचीक होतं, पांढरट किंवा पारदर्शक स्राव सुरू होतो. हा स्राव पाळीच्या चक्रानुसार कमी-जास्त होतो आणि तो नैसर्गिक असतो. खाज, दुर्गंधी, जळजळ किंवा दह्यासारखे कण असतील तर तपासणी हवी. हा फरक मुलीला कोणी समजावला नाही तर एकतर ती निरोगी शरीराला घाणेरडं समजते किंवा खऱ्या संसर्गाकडे दुर्लक्ष करते.

पाळीच्या दिवसांत थोडं दुखणं सामान्य आहे. पण दर महिन्याला शाळा बुडावी, उलट्या व्हाव्यात, गोळी घेऊनही कळ थांबू नये, हे सामान्य नाही. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. त्यामुळे पाळीत असह्य वेदना होतात आणि पुढे शरीरसंबंधाच्या वेळी ओटीपोटात खोलवर दुखतं. "लग्न झालं की बरं होईल" असं सांगून या मुलींची अनेक वर्षं वाया घालवली जातात.

आणखी एक ओझं याच वयात डोक्यावर ठेवलं जातं, कौमार्याचं. योनिपटल हा एक लवचीक पडदा. तो प्रत्येकीत वेगळ्या आकाराचा असतो, पहिल्या संबंधात रक्त येतंच असं नाही, आणि त्याकडे पाहून संबंध आला की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी कौमार्य चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, ती बंद व्हावी, असं स्पष्ट सांगितलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड मोहीम चालवली, जातपंचायतीचा रोष पत्करून. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वैद्यकीय अभ्यासक्रमातली 'कौमार्याची लक्षणं' अशास्त्रीय आहेत हे मांडून ती काढायला लावण्यासाठी पाठपुरावा केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितांची दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं बजावलं. पहिल्या रात्री रक्त आलं पाहिजे या भीतीने ताठरलेलं शरीर सुखाला नव्हे, वेदनेलाच तयार होतं. म्हणून ही लढाई आरोग्याचीही आहे.

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचा परिणामही पुढे अनेक वर्षांनी दिसतो: स्पर्श नकोसा होणं, शरीर बधिर वाटणं, तपासणीच्या टेबलावर घाम फुटणं. यावर समुपदेशनाने खूप काही साधतं, पण त्यासाठी आधी कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवायला हवा.

लग्नानंतरची पहिली वर्षं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. शरीर पुरतं वाढलेलं नाही, माहिती नाही, नकार देण्याची मुभा नाही, अशा स्थितीत सुरू झालेल्या लैंगिक आयुष्यात वेदना आणि भीती यांचं नातं पहिल्याच दिवशी जुळतं.

पण वयाने आणि शिक्षणाने मोठ्या असलेल्या मुलींनाही एक तक्रार गाठते, तिचं नाव व्हजायनिस्मस. योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. कितीही इच्छा असली तरी संबंध होऊ शकत नाही किंवा प्रचंड दुखतं. हे नखरे नव्हेत, आणि नवऱ्यावर प्रेम नसल्याची खूणही नव्हे. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, तितकंच ते अनैच्छिक असतं. अनेक जोडपी दोन-तीन वर्षं हे कुणालाच सांगत नाहीत, आणि मग "मूल का नाही?" या प्रश्नावर वंध्यत्वाच्या दवाखान्यात पोहोचतात, तिथेही संबंधच झालेला नाही हे सांगायचं राहून जातं. उपचार सुरक्षित आणि परिणामकारक आहेत: स्नायू शिथिल करायला शिकवणारी फिजिओथेरपी, लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर क्रमाक्रमाने स्वतःच्या हाताने वापरणं, आणि दोघांचं समुपदेशन. या काळात नवऱ्याने घाई न करणं हाही उपचाराचाच भाग आहे.

दुखण्याची इतर कारणंही असतात. पुरेशी उत्तेजना येण्याआधीच संबंध झाला तर ओलावा कमी पडतो. बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो, मूत्रमार्गाचा दाह असतो. आतून साबणाने किंवा सुगंधी द्रवाने धुण्याची सवय असेल तर नैसर्गिक आम्लता बिघडून संसर्ग वाढतो. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो, बाहेरून साधं पाणी पुरेसं. लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग असेल तर दोघांनीही औषध घ्यायला हवं. एकटीने घेतलं तर तो परत येऊ शकतो, आणि दोष पुन्हा तिच्याच माथी.

मग परिस्थितीचे ब्रेक. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुलं यांच्यासह राहणाऱ्या बाईला एकांत म्हणजे मध्यरात्रीनंतरची काही मिनिटं. नोकरी, लोकल, डबे आणि घरकाम यांनी दमलेल्या शरीराकडून त्या मिनिटांत उत्कटतेची अपेक्षा करायची. गर्भनिरोधनाची जबाबदारीही तिच्यावरच. देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे आणि पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे. खरं तर पुरुष नसबंदी सोपी आणि कमी जोखमीची असते, आणि तिचा लैंगिक क्षमतेवर परिणाम होत नाही.

संमतीशिवाय लैंगिक आरोग्य संभवत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी आपण नवऱ्याला नकार देऊ शकतो असं सांगितलं. म्हणजे जवळपास पाचातली एक देऊ शकत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे, लग्नातल्या छळाचाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येकीला ठाऊक हवा.

बाळंतपणानंतर

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. अंगावर पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, ते इस्ट्रोजेनला खालीच ठेवतं. परिणामी योनिमार्ग कोरडा होतो आणि इच्छा मंदावते. म्हणजे पाजण्याच्या काळात इच्छा नसणं हे शरीराचं अपेक्षित वागणं आहे, नवऱ्यापासून मन उडाल्याचा तो पुरावा नाही. पाणी-आधारित वंगण यावर सहज उपाय आहे. घरोघरी असलेलं खोबरेल वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटू शकतो.

टाके भरून यायला काही आठवडे लागतात. साधारण सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत टाक्यांची जागा, रक्तस्राव आणि गर्भनिरोधन यांबद्दल बोलायचं असतं. तेव्हा "संबंध सुरू करायला हरकत नाही" एवढं वाक्य पुरत नाही. दुखतं का, भीती वाटते का, रात्री झोप मिळते का, रडू येतं का, हेही विचारायला हवं. बाळंतपणानंतरचं नैराश्य अनेक जणींना गाठतं, आणि त्यात लैंगिक इच्छाही कमी होते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते. खोकताना, शिंकताना लघवी सुटणं, खाली जड वाटणं, अंग बाहेर येणं ही तिच्या अशक्तपणाची लक्षणं. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावरून पाण्याचे हंडे आणि मोळ्या वाहणाऱ्या स्त्रियांना हा त्रास लवकर होतो. त्या लाजेने नवऱ्याजवळ जाणंच टाळतात. अमेरिकी डॉक्टर आर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेले व्यायाम आजही इथला पहिला उपाय आहेत. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळून काही सेकंद धरायचे, सोडायचे, दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा. लघवी करतानाच हा व्यायाम करू नये. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आणि दुखरे असतात, त्यांनी तो तज्ज्ञाला विचारूनच करावा.

आणि अशक्तपणा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला इच्छा का होत नाही याचं उत्तर कधीकधी हिमोग्लोबिनच्या तपासणीत असतं.

चाळिशीच्या आसपास

या वयात दीर्घकालीन आजार आणि त्यांची औषधं लैंगिक आयुष्यात शिरतात. मधुमेहामुळे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंना इजा होते, ओलावा कमी होतो, बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. पुरुषाला मधुमेह झाला की लैंगिक तक्रारीबद्दल डॉक्टर विचारतात, बाईला क्वचितच. थायरॉइडचं कार्य मंदावलं की थकवा आणि निरिच्छा येते. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या औषधांनी इच्छा आणि परमोच्च सुख दोन्ही कमी होऊ शकतं. काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि काहींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्याही असा परिणाम करतात. औषध परस्पर बंद करणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं.

याच वयात महाराष्ट्रातला एक दुखरा प्रश्न उभा राहतो, पिशवी काढण्याचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर पोहोचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली की शस्त्रक्रियेला होकार मिळतोच.

गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर शरीरातलं इस्ट्रोजेन अचानक कोसळतं आणि टेस्टोस्टेरोन साधारण निम्म्यावर येतं. तिशी-पस्तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेल्याच्या अवस्थेत जाते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, योनिमार्ग कोरडा पडतो, झोप आणि मन दोन्ही बिघडतात. मोठ्या गाठींमुळे प्रचंड रक्तस्राव होत असेल तर पिशवी काढून आयुष्य सुधारतंही, लैंगिक आयुष्यसुद्धा. पण त्याआधी तीन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे: शस्त्रक्रियेवाचून दुसरा इलाज आहे का? अंडाशयं ठेवणार का? काढली तर पुढे हार्मोन द्यावी लागतील का?

पाळी जाताना आणि त्यानंतर

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. म्हणजे आयुष्याचा जवळपास एक तृतीयांश भाग त्यानंतरचा असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की योनिमार्गाचं अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो, एरवी ४.५ च्या खाली असलेला पीएच ५ च्या वर जातो आणि रक्षक जिवाणू कमी होतात. त्यातून कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग. २०१४ सालापासून वैद्यकशास्त्र या सगळ्याला मिळून एका लक्षणसमूहाचं नाव देतं. पाळी गेलेल्या साधारण निम्म्या स्त्रियांना हा त्रास होतो. गरम वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा त्रास मात्र उपचारांवाचून वाढतच जातो.

उपचार साधे आहेत. नियमित मॉइश्चरायझर, संबंधाच्या वेळी वंगण, आणि तेवढ्याने भागलं नाही तर योनिमार्गात लावायचं अल्प मात्रेतलं इस्ट्रोजेन, क्रीम किंवा गोळीच्या रूपात. ते रक्तात फारच थोडं मिसळतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर तोंडावाटे घ्यायच्या हार्मोनबद्दल जगभर भीती पसरली, आणि ती भीती या स्थानिक औषधालाही चिकटली. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रीने मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच निर्णय घ्यावा.

कर्करोगाचे उपचारही लैंगिक आयुष्य बदलतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिलेल्या रेडिएशनने योनिमार्ग आखूड आणि ताठर होतो, डायलेटरचा नियमित वापर तो टिकवू शकतो. पण इतकं पुढे जाऊ न देणं आपल्या हातात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही या विषाणूच्या एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या स्त्रियांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे.

साठीनंतर लैंगिकता संपते हा समजही खोटा आहे. जवळीक, स्पर्श, एकत्र झोपणं यांची गरज टिकते, फक्त तिचं रूप बदलतं. या वयातली मोठी अडचण अनेकदा जोडीदाराची असते: त्याचा आजार, किंवा तो नसणं. आपल्याकडे नवरा वयाने मोठा असतो, त्यामुळे वैधव्याची वर्षं लांबतात. त्या वर्षांतल्या स्त्रीला इच्छा असू शकते हे मान्य करायला समाज तयार नसतो. मोतीबिंदू आणि गुडघे यांच्याइतकंच हेही आरोग्य आहे.

बोलायला लागू

मराठीत या विषयावर बोलायची परंपरा नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी ठामपणे लिहिलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. ज्या भाषेत हे शंभर वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, त्या भाषेत आज एका मुलीला आपल्या आईशी आणि एका बाईला आपल्या डॉक्टरशी बोलता येत नसेल, तर ते बदलायला हवं.

काही गोष्टींसाठी थांबू नये. संबंधानंतर रक्त येणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, ओटीपोटात सतत दुखणं, दुर्गंधीयुक्त स्राव, योनीच्या आसपास गाठ किंवा न भरणारी जखम, अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लगेच जावं. इतर तक्रारींसाठी जाताना घरीच चार ओळी लिहून न्याव्यात: कधीपासून, नेमकं कुठे, कोणत्या वेळी, कोणती औषधं सुरू आहेत. बोलायचा संकोच वाटला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. एका डॉक्टरने हसून उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जावं. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत, तिथे अविवाहित मुलीलाही विचारता येतं.

डॉक्टरांनीही एक काम अंगवळणी पाडावं. मधुमेहाची रुग्ण, बाळंतीण, पिशवी काढलेली, पाळी गेलेली, कर्करोगातून उठलेली, यांतल्या प्रत्येकीला, सोबत आलेल्या माणसांना बाहेर बसवून, विचारावं: "संबंधाच्या वेळी दुखतं का? त्याबद्दल काही बोलायचंय का?" याला अर्धं मिनिट लागतं. नवऱ्यांनीही हाच प्रश्न घरी विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. वेदना होत असताना गप्प राहणं हा बाईचा गुण नाही, आणि सुखाची अपेक्षा ठेवणं हा तिचा दोष नाही. पंधराव्या वर्षीही नाही आणि पंच्याहत्तराव्या वर्षीही नाही.